पुढचे स्ट्रट आणि स्प्रिंग घरी बदलताना: काय अंगणात करावं, काय करू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, रोज गोव्यातल्या चोडण-रायबंदर फेरीबोटीने ये-जा, पुढून खड्ड्यात ‘खट्’ असा आवाज. गॅरेजवाल्याने पुढचे दोन्ही शॉकअप, म्हणजे स्ट्रट, स्प्रिंगसकट बदलायला सांगितले आहेत. पाने हाताशी आहेत, घरापुढे अंगण आहे. तर हे काम घरी करता येईल का आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) कोणता घ्यावा?

काम घरी होतं, पण त्यातला एक टप्पा सोडून. गाडी उचलणं, स्ट्रट खाली काढणं आणि नवा चढवणं हे पाने नीट वापरणाऱ्या माणसाला एका रविवारात जमतं. स्प्रिंग दाबून जुना स्ट्रट तिच्यातून सोडवणं आणि नवा बसवणं, हा भाग मात्र म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या एखाद्या सस्पेन्शनचं काम करणाऱ्या दुकानात बेंचवरच्या कॉम्प्रेसरवर करून घ्या. काढलेले दोन्ही स्ट्रट डिकीत टाकून दुसऱ्या गाडीने नेता येतात. दोन्ही बाजूंचं काम तासाभरात होतं. कॉम्प्रेसर विकत घेण्याचे पैसे तिथे द्या, हे माझं स्पष्ट मत.

कारण साधं आहे. गाडी उभी असताना अशा हॅचबॅकच्या पुढच्या एका स्प्रिंगवर अडीचशे किलोच्या आसपास भार असतो. गाडी उचलली आणि चाक लोंबकळलं म्हणून स्प्रिंग मोकळी होत नाही. स्ट्रटच्या दांड्यावरचा मधला नट तिला दाबूनच धरतो. तो नट काढायचा तर आधी स्प्रिंग आणखी दाबावी लागते, आणि तेवढा सगळा जोर हाताच्या कॉम्प्रेसरच्या दोन बारीक आट्यांच्या दांड्यांवर आणि चार आकड्यांवर (हुकांवर) येतो. एक आकडा घसरला की स्प्रिंग वाकडी होऊन बाजूला उडते. हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. बोटं, जबडा, डोळे, यांना होणाऱ्या इजा याच टप्प्यावरच्या.

पण त्याआधी, स्ट्रट खरंच गेलेत का ते पाहा. ‘खट्’ आवाज ऐकून स्ट्रट बदलायला सांगणं सोपं असतं, आणि बऱ्याचदा दोषी निघते ती स्टॅबिलायझरची लिंक, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या बारला जोडणारी छोटी कांडी. रस्त्यावरच्या बारीक खाचांवर, जांभ्याच्या चिऱ्यांच्या फरशीवर, कमी वेगातही खडखड वाजत असेल तर आधी लिंक बघा. चाक लोंबकळत असताना लिंक हाताने वर-खाली हलवा. बॉल जॉइंट ढिला असेल तर हाताला टकटक जाणवते. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ असा आवाज येतो आणि स्प्रिंगला झटका बसल्यासारखं वाटतं, तेव्हा वरच्या माउंटिंगचं (स्ट्रटचं वरचं टोक गाडीला धरणाऱ्या भागाचं) बेअरिंग अडकलेलं असतं. फक्त मोठ्या खड्ड्यात एकच जोरदार ठोका बसत असेल तर बंप स्टॉपरचा (दांड्यावरच्या धक्का झेलणाऱ्या ठोकळ्याचा) चुरा झालेला असतो, किंवा स्ट्रटच्या आत तेल उरलेलं नसतं. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचे) रबरी बुश आणि बॉल जॉइंटही टॉमी (लोखंडी पहार) लावून हलवून पाहा. तेही असाच आवाज करतात.

स्ट्रटच्या नळीवर धूळ चिकटलेला ओलसर थर असला तर घाबरू नका. सीलमधून थोडं तेल झिरपणं चालतं. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल, दांड्यावरचा रबरी बूट आतून तेलाने भिजला असेल, तर स्ट्रट गेला. बॉनेट दाबून गाडी किती वेळा हिंदकळते ते मोजायची पद्धत सगळे सांगतात, पण पूर्ण मेलेला स्ट्रटच त्यात पकडला जातो, अर्धमेला नाही. त्यापेक्षा टायरवर हात फिरवा. रबरावर थोड्या-थोड्या अंतराने खोलगट चट्टे लागत असतील तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीये.

स्प्रिंगची तपासणी मात्र आपल्याकडे जास्त मन लावून करावी लागते. स्प्रिंगचा सर्वात खालचा वेढा ज्या ताटलीत बसतो तिला पाणी जायला भोक असतं. आपली लाल माती त्यात चिखल होऊन बसते, वाळून घट्ट होते आणि भोक बुजतं. मग पावसाळ्याचे चार महिने त्या वेढ्याची ओल जात नाही. त्यात फेरीच्या उतरणीवर भरतीच्या वेळी चाकं मांडवीच्या मचूळ पाण्यातून जातात. खड्यांनी रंगाचा थर जिथे उडालाय तिथे मीठ शिरतं, गंजाचा बारीक खड्डा पडतो आणि रोजच्या दाबाने त्याच खड्ड्यातून स्प्रिंग तडकते. म्हणून तुटते ती बहुतेक वेळा खालचा एक-दीड वेढाच. तुटलेलं टोक टायरला लागून टायर कापूही शकतं. हे तपासायला टॉर्च घ्या, ताटलीतली माती जुन्या स्क्रू ड्रायव्हरने खरवडा, पाण्याने धुवा आणि वेढ्याचं टोक दिसेपर्यंत थांबू नका. शिवाय सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजा. टायरची हवा सारखी असताना १० मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर स्प्रिंग बसलीय किंवा तुटलीय.

स्प्रिंग शाबूत असेल, गंज वरवरचा असेल, उंची सारखी असेल, तर ती बदलायची गरज नाही. स्ट्रट तेवढे बदला. बदलायचं ते मात्र जोडीने, डावं-उजवं एकत्र. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला स्ट्रट असला तर ब्रेक मारताना आणि वळणावर गाडी दोन्हीकडे वेगळी वागते. स्ट्रटसोबत वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर, बूट आणि लिंक हेही आणून ठेवा. हे सामान स्ट्रटच्या मानाने स्वस्त आहे आणि नंतर एकटं बेअरिंग गेलं तरी सगळं पुन्हा खोलावं लागतं. नकलला (चाक ज्यावर बसतं त्या जाड लोखंडी भागाला) स्ट्रट जोडणाऱ्या दोन बोल्टचे नट आणि दांड्यावरचा मधला नट नवेच घ्या, कारण हे स्वतःहून आवळून राहणारे नट एकदाच वापरायचे असतात. दुकानातून निघण्याआधी डबा उघडून पाहा: डावा-उजवा वेगळा असतो, ब्रेकच्या होजची (तेलाच्या रबरी नळीची) आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरची पट्टी कुठल्या बाजूला आहे ते जुन्याशी जुळवा. घरी गाडी उचलल्यावर दोन्ही डावे निघाले तर रविवार गेला.

तीन-चार दिवस आधीपासून रोज संध्याकाळी नकलचे दोन्ही बोल्ट, लिंकचे नट आणि बॉनेटखालचे टॉवरचे (स्ट्रटचं वरचं टोक जिथे बसतं तिथले) नट यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारा. आधी वायर ब्रशने आटे साफ करा, मग तेल. मातीच्या थरावर मारलेलं तेल आत जात नाही. समुद्राकडच्या किंवा नदीकाठच्या गाडीला ही तयारी वगळता येत नाही.

आता जागा. सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणात जॅकची चाकं रुततात आणि गाडी हळूच तिरकी होते. खाली किमान १८ मिमी जाडीचा, दोन फूट लांब-रुंद प्लायवूडचा तुकडा घाला. जॅकखाली एक, प्रत्येक स्टँडखाली एक. उतार असलेल्या अंगणात हे काम करू नका. पावसात तर नाहीच. ओल्या शेवाळलेल्या चिऱ्यांवर जॅक सरकतो.

आणि चिरा. घराघरांत चार चिरे पडलेले असतात आणि गाडी त्यावर टेकवायचा मोह होतो. जांभा दगड भिंतीत पसरलेला भार छान पेलतो. गाडीच्या सिलची (दारांखालच्या पत्र्याच्या पट्टीची) अरुंद धार त्यावर टेकली की सगळा भार दोन बोटांच्या जागेवर येतो आणि चिरा आधी काही न दाखवता फुटतो. सिमेंटच्या ब्लॉकचंही तसंच. दोन टनांचा ट्रॉली जॅक आणि दोन टनांचे दोन जॅक स्टँड, एवढं हवंच. ते नसतील तर भाड्याने आणा किंवा काम पुढे ढकला. गाडीसोबत येणारा कैचीचा जॅक फक्त चाक बदलायला असतो.

हँडब्रेक ओढा, गिअर टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. गाडी जमिनीवर असतानाच पुढच्या चाकांचे नट पाव-अर्धा फेरा सैल करा. पुढून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक लावून दोन्ही बाजू उचला. स्टँड लावण्याआधी सिलच्या मजबूत जागेवर स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत सिल आतून कुजलेली असते आणि रंग मात्र शाबूत दिसतो. पत्रा दबला तर तिथे स्टँड नको. गाडी स्टँडवर आल्यावर मडगार्डला धरून जोरात हलवा. डगमगली तर आता डगमगू दे, तुम्ही खाली असताना नको. काढलेली चाकं सिलखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँडने दगा दिलाच तर गाडी चाकावर टेकेल.

दोन्ही बाजू एकदम उचलायला सांगतोय त्यालाही कारण आहे. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो, लिंक ताणलेली राहते आणि तिचा बोल्ट ना निघतो ना बसतो. लिंकचा नट फिरवताना आतला बॉलही फिरू लागतो. त्याच्या टोकाला ॲलन कीची (षटकोनी दांड्याच्या पान्याची) खाच असते, बहुतेक ५ किंवा ६ मिमीची. खाचेतला गंज टोकदार खिळ्याने आधी काढा, मग की हलकेच ठोकून पूर्ण आत बसवा. खाच गोल झाली तर झटापट न करता नट कापा, लिंक नवीन आणलीच आहे. ग्राइंडर वापरणार असाल तर ब्रेकची होज, एबीएसची वायर आणि ॲक्सलचा (पुढचं चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) रबरी बूट ओल्या गोणपाटाने झाका. चष्मा हवाच.

ब्रेकची होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा. होज खोलायची नाही, फक्त क्लिप काढून बाजूला करायची. पुढची गोष्ट पाच मिनिटांची पण महत्त्वाची: वायर ब्रशने जोडाची जागा घासून, स्ट्रटची पट्टी नकलवर जिथे बसते त्या रेषेवर आणि बोल्टच्या डोक्याभोवती पांढऱ्या रंगाच्या पेनाने खूण करा. या भोकांत थोडी ढील असते आणि तिच्यावरच चाकाचा कॅम्बर (समोरून पाहताना आत-बाहेर कल) ठरतो. एखाद्या बोल्टला तिरकी ताटली असेल तर तिची दिशाही खुणेत घ्या. नवा स्ट्रट तंतोतंत तसाच नसतो, तेव्हा खुणेमुळे अलाइनमेंट टळणार नाही, पण दुकानापर्यंत गाडी सरळ जाईल.

नट फिरवायचा, बोल्टचं डोकं नुसतं धरायचं. काही बोल्टच्या मानेला दात असतात आणि डोकं फिरवलं की ते नकलमधलं भोक खातात. नट निघाल्यावर बोल्टच्या टोकापर्यंत परत चढवा आणि मग ठोका, म्हणजे आटे चपटे होत नाहीत. दुसरा बोल्ट काढण्याआधी नकल जाड तारेने किंवा दोरीने स्ट्रटच्या टॉवरकडे बांधून ठेवा. ती मोकळी सुटली तर दोन नुकसानं होतात: सगळा भार ब्रेकच्या होजवर येतो आणि वरून बाहेर कलंडल्याने ॲक्सलचा आतला जॉइंट निसटतो. जॉइंट निसटला की ॲक्सल खोलण्याचं वेगळंच काम उभं राहतं.

आता बॉनेटखाली या. इथे सगळ्यात जास्त लक्ष हवं. बहुतेक गाड्यांत टॉवरवर माउंटिंगचे दोन-तीन छोटे नट गोलाकार असतात आणि त्यांच्या मधोमध दांड्याचा मोठा नट. सोडवायचे ते बाहेरचे छोटे. मधल्याला हात लावायचा नाही. तो स्प्रिंगला धरून आहे. काही गाड्यांत मात्र वरून एकच मोठा नट आणि वाटीसारखी चकती दिसते, आणि स्प्रिंगला धरणारा दुसरा नट तिच्याखाली असतो. तिथे वरचाच नट काढून स्ट्रट खाली येतो. तुमच्या गाडीत यातलं कुठलं आहे हे मॅन्युअलमधल्या चित्रात पाहिल्याशिवाय पाना लावू नका. शेवटचा नट काढताना एक हात स्ट्रटखाली ठेवा. सोबतीला कुणी असेल तर वर नट त्याच्याकडे, खाली स्ट्रट तुमच्याकडे. तो एकदम सुटला तर ॲक्सलचा बूट फाटतो.

दुकानात स्प्रिंग दाबायला दिली तरी काय पाहायचं ते ठाऊक हवं. कॉम्प्रेसर स्प्रिंगच्या समोरासमोर, जास्तीत जास्त वेढे पकडून लागतो. दोन्ही बाजू आलटून-पालटून थोड्या-थोड्या फेऱ्यांनी, हाताच्या पान्याने आवळतात. अशा हुकांच्या कॉम्प्रेसरवर हवेची गन चालवणारा माणूस दिसला तर स्ट्रट उचलून दुसरीकडे जा. स्प्रिंग ताटलीत सैल होऊन हाताने फिरू लागली की तेवढं पुरे, वेढे एकमेकांना टेकेपर्यंत दाबायची नसते. मग दांडा ॲलन कीने धरून मधला नट काढतात. दांडा पकडीने धरू देऊ नका. त्यावर एक ओरखडा पडला की तो प्रत्येक हेलकाव्याला सील कापतो आणि नवा स्ट्रट थोड्याच दिवसांत तेल गाळू लागतो. दाबलेल्या स्प्रिंगच्या टोकांसमोर कुणीही उभं राहू नये, तुम्हीही नाही.

नवा स्ट्रट बसवण्याआधी उभा धरून दांडा चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करा, म्हणजे आडवा पडून आत सरकलेली हवा वर जाते. गॅसच्या स्ट्रटचा दांडा आपोआप वर येतो. साध्या तेलाचा येत नाही, तो खराब नसतो. बंप स्टॉपर आणि बूट दांड्यावर आधी चढतात, हे विसरून पुन्हा खोलणारे बरेच. स्प्रिंगचं टोक ताटलीतल्या पायरीला जवळपास टेकलेलं असावं, वर चढलेलं नसावं. वरच्या ताटलीवर बाण किंवा खूण असेल तर ती मॅन्युअलमध्ये दिलेल्या दिशेला. बेअरिंगची वरची-खालची बाजू जुन्यावरून पाहून ठेवा. उलटं बसलं तर स्टिअरिंग जड होतं. मधला नट टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला, आणि तोही स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये असतानाच. कॉम्प्रेसर सैल करताना दोन्ही टोकं आपापल्या जागी बसताहेत ना ते डोळ्यांनी पाहा. कॉम्प्रेसरच्या हुकांनी जिथे रंग उडाला तिथे लगेच जस्ताचा प्रायमर लावा. तो चट्टा तसाच राहिला तर पुढच्या पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होईल.

चढवताना क्रम उलटा. वरचे नट आधी फक्त बोटांनी, मग नकलचे बोल्ट मूळ दिशेनेच, खुणा जुळवून, मग लिंक. सगळं जागेवर आल्यावरच टॉर्क. अशा छोट्या गाड्यांत नकलचे नट साधारण ८० ते १४० न्यूटन-मीटरमध्ये येतात, पण एवढ्या रुंद पट्ट्यातून अंदाजाने आकडा निवडू नका. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. आट्यांना तेल लावून आवळलं तर पाना तोच आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र जास्त ताणला जातो. म्हणून आटे साफ आणि कोरडे. ब्रेकची होज पिळली गेली नाही आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवल्यावर ती किंवा एबीएसची वायर टायरला लागत नाही, हे चाक चढवण्याआधी तपासा.

मागचं काम सोपं आहे, तेही करणार असाल तर. अशा बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागे शॉकअप आणि स्प्रिंग वेगळे असतात आणि मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा ॲक्सल हळूहळू खाली सोडला की स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय निघते. पण ॲक्सलखाली जॅक असल्याशिवाय शॉकअपचा खालचा बोल्ट काढू नका, नाहीतर ॲक्सल झटक्यात खाली येऊन ब्रेकची होज ताणतो. तो बोल्ट शेवटचा आवळायचा गाडीचा भार चाकांवर आल्यावर. लोंबकळत्या स्थितीत आवळला तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

गाडी खाली उतरवल्यावर चाकांचे नट आडवे-उभे क्रमाने टॉर्कने आवळा. इंजिन चालू करण्याआधी ब्रेकचं पेडल दोन-तीनदा दाबा. ते घट्ट लागेपर्यंत गाडी हलवायची नाही. पहिली फेरी वाड्यातल्याच रस्त्यावर, रेडिओ बंद, काचा खाली. नवा आवाज आला तर बहुतेक लिंकचा नट किंवा वरचं माउंटिंग. स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग ‘टंग’ करते असं वाटलं तर तिचं टोक पायरीवर चढलंय; तसं चालवत बसू नका. दुसऱ्याच दिवशी टो (वरून पाहताना चाकं आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर, दोन्हींचं अलाइनमेंट करून घ्या. अलाइनमेंटवाल्याला स्ट्रट बदललेत हे सांगा, नाहीतर तो फक्त टो लावून मोकळा होतो. नव्या स्प्रिंगने पुढची उंची वाढली असेल तर हेडलाइटही खाली घ्यावे लागतात. १०० किमीनंतर चाकांचे, नकलचे आणि टॉवरचे नट पुन्हा एकदा टॉर्कने तपासा, आणि दर पावसाळा संपला की स्प्रिंगच्या खालच्या ताटल्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन भोक मोकळं करा.

जुने स्ट्रट कापू नका आणि जाळात टाकू नका. गॅसच्या स्ट्रटमध्ये दाब शिल्लक असतो. भंगारवाल्याला देताना त्याला हे तोंडी सांगून द्या.